वाण्याचा काटा आणि पोलिसांचे यंत्र

गेल्या महिन्यात वाहतूक कामगारांच्या एका अभ्यासवर्गात महागाई आणि वेतन या विषयावर मला बोलावयाचे होते. व्याख्यान झाले, रिवाजाप्रमाणे प्रश्नोत्तरे झाली, आणि मंडळी उठू लागली तेव्हा मागच्या ओळीतील एका बसचालकाने निराळाच प्रश्न विचारला. ‘‘सर, पाळीवर चढण्याआधी मी त्या यंत्रात फुंकतो. ते नेमकं मोजतं काय? पोटातली दारू त्याला फुंकरीत कशी कळते? आणि ते चुकलं, तर माझं कोण ऐकणार?’’ महागाईच्या निर्देशांकापेक्षा हा आकडा त्याला अधिक निकडीचा वाटत होता, आणि त्याचे काहीच चुकत नव्हते. निर्देशांक चढला तर भाकरी लहान होते. यंत्रातला आकडा चढला तर भाकरीच जाते.

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. नंतर रसायनशास्त्राच्या एका जुन्या सहकाऱ्याकडे दोन संध्याकाळ बसून मी ते समजून घेतले. ते येथे मांडण्याचे कारण असे की, या विषयावर आपल्या चळवळीत दोन ठराविक सूर ऐकू येतात. एक सूर जुन्या दारूबंदीवाल्यांचा : पिणाऱ्याची बाजू घेण्याचे कारणच काय? दुसरा कामगार संघटनांतील काही मित्रांचा : हे यंत्र म्हणजे चालकाच्या मानेवर ठेवलेली प्रशासनाची सुरी, तेव्हा त्याला विरोध. यंत्र काय करते आणि काय करू शकत नाही हे पाहण्याची तसदी दोघेही घेत नाहीत.

दारूतील अल्कोहोलला अन्नासारखे पचावे लागत नाही. जठराच्या आणि मुख्यतः लहान आतड्याच्या भिंतीतून ते जसेच्या तसे रक्तात उतरते. रक्त फुप्फुसात जाते, आणि तेथे रक्त व हवा यांच्यामध्ये अतिशय पातळ पडदा असतो. अल्कोहोल उडून जाणारे द्रव्य असल्याने त्याचा काही अंश त्या हवेत मिसळतो. किती मिसळावा याला नियम आहे. ठराविक तापमानाला द्रवात विरघळलेले द्रव्य आणि त्यावरच्या हवेतील त्याचे प्रमाण यांचे नाते ठरलेले असते, हे विल्यम हेन्री या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच दाखवून दिले. बाहेर पडणाऱ्या श्वासाचे तापमान सुमारे ३४ अंश सेल्सियस धरले, तर १ मिलिलिटर रक्तात जेवढे अल्कोहोल असते तेवढेच सुमारे २१०० मिलिलिटर श्वासात असते, असे गृहीत धरले जाते. सगळे यंत्र या एका गुणोत्तरावर उभे आहे.

आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मधील मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अशी आहे. श्वासाच्या भाषेत याचा अर्थ, एक लिटर श्वासात एका मिलिग्रॅमचा साधारण सातवा हिस्सा. इतकी सूक्ष्म वस्तू यंत्राला पकडायची असते. मद्याच्या भाषेत सांगायचे तर, ७० किलो वजनाच्या पुरुषाने रिकाम्या पोटी घेतलेले दीड छोटे पेग त्या रेषेजवळ पोहोचतात; वजन कमी असेल तर त्याहूनही कमी पुरे होते. ‘एकाने काय होते’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा.

‘शेवटपर्यंत फुंका’ असे पोलीस ओरडतो, त्यालाही कारण आहे. फुंकरीतील पहिली हवा तोंडातली आणि श्वासनलिकेतली असते. तिचा रक्ताशी संबंध आलेला नसतो. फुप्फुसाच्या तळातली हवा शेवटी येते आणि तिच्यातच रक्ताचा खरा हिशेब असतो. म्हणून यंत्र ठराविक जोराची, ठराविक वेळ टिकणारी फुंकर मागते.

मोजण्याच्या पद्धती बदलत आल्या. अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या पोलीस दलातील रॉबर्ट बोर्केन्स्टाइन याने १९५४ साली तयार केलेल्या यंत्रात श्वास पोटॅशियम डायक्रोमेट आणि गंधकाम्ल यांच्या पिवळ्या द्रावणातून जाई. अल्कोहोल असले की पिवळा रंग हिरवटपणाकडे झुके आणि तो किती झुकला हे प्रकाशाने मोजले जाई. आज नाक्यावरच्या पोलिसाच्या हातातील यंत्रात बहुधा प्लॅटिनमची दोन विद्युदग्रे असलेला लहानसा घट असतो. श्वासातील अल्कोहोलचे तेथे व्हिनेगरमधल्या आम्लात रूपांतर होते, त्या क्रियेत विजेचा क्षीण प्रवाह निर्माण होतो. अल्कोहोल जितके अधिक तितका प्रवाह अधिक. ठाण्यात ठेवावयाच्या मोठ्या यंत्रांत अवरक्त किरण वापरतात. बाजारात स्वस्तातली, अर्धसंवाहक कणांवर चालणारी यंत्रेही मिळतात. ती अल्कोहोल आणि इतर वायू यांत नीट भेद करीत नाहीत. कोणावर खटला भरायचा असेल तर ती वापरू नयेत.

एवढे सांगितल्यावर यंत्राची कमजोरी कोठे आहे हे आपोआप उघड होते. २१०० हे गुणोत्तर सरासरीचे आहे. माणसामाणसात, आणि एकाच माणसात वेळेवेळेला, ते बदलते. बहुतेकांच्या बाबतीत, दारू रक्तात पूर्ण उतरल्यानंतर, खरे गुणोत्तर २१०० पेक्षा थोडे अधिकच भरते. म्हणजे यंत्र चालकाला किंचित सवलतच देते. परंतु नुकतीच प्यालेली दारू अजून उतरत असेल तर उलटही घडते. अंगात ताप असेल तर श्वास अधिक गरम होतो आणि आकडा एका अंशाला सहा-सात टक्क्यांनी फुगतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सरासरीची ही गंमत नवी नाही. दरडोई उत्पन्न वाढले म्हणून अमुक एका शेतमजुराच्या घरी चूल पेटली असे होत नाही. समूहासाठी खरी असलेली सरासरी एका माणसाला तुरुंगात पाठवण्यासाठी वापरायची, तर चुकीला पुरेशी जागा सोडून वापरावी लागते.

दुसरी कमजोरी तोंडात राहिलेल्या अल्कोहोलची. खोकल्याचे औषध, तोंड धुण्याचे द्रव, नुकताच घेतलेला घोट हे सारे तोंडात काही मिनिटे रेंगाळते, आणि यंत्र ते फुप्फुसातून आले असे समजते. जुलै २०२५ मध्ये केरळ राज्य परिवहनाच्या पंदळम आगारात या प्रश्नाचा फार सुंदर निकाल लागला. पाळीपूर्वीच्या चाचणीत चालक दोषी ठरले. आपण थेंबही घेतला नाही, फक्त पिकलेला फणस खाल्ला, असे ते सांगत राहिले. तेव्हा ज्याच्या चाचणीत काहीच आले नव्हते अशा एका सहकाऱ्याला तोच फणस खायला घालून पुन्हा फुंकायला लावले, आणि यंत्राने त्यालाही मद्यपी ठरवले! अति पिकलेल्या फळातील साखर आंबते, तिचे अल्कोहोल होते, आणि ते तोंडात राहते. आमच्या विद्यापीठांतील कित्येक प्रबंधांत इतका स्वच्छ प्रयोग आढळत नाही. यावर उपायही साधा आहे : पंधरा-वीस मिनिटे काही न खाता-पिता थांबावे आणि पुन्हा चाचणी घ्यावी. तोंडातले तोवर नाहीसे होते, रक्तातले राहते. मात्र ही पंधरा मिनिटे गाडी सुटण्याच्या वेळेतून काढावी लागतात, आणि वेळापत्रकाची सबब चालकाच्या अब्रूपेक्षा वरचढ ठरते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हा घट झिजतो. धूळ, उष्णता, आर्द्रता, रोजचा वापर यांनी त्याची जाण मंद होते किंवा भरकटते. म्हणून ज्यातील अल्कोहोलचे प्रमाण आधीच ठाऊक आहे असा वायू यंत्रात सोडून ते बरोबर आकडा दाखवते की नाही, हे ठराविक मुदतीने पडताळावे लागते. आपल्या गल्लीतल्या वाण्याच्या काट्याकडे पहा. त्याच्या वजनांवर वैधमापन निरीक्षकाचा शिक्का लागतो, मुदत संपली की पुन्हा पडताळणी करावी लागते, न केल्यास दंड होतो. पाव किलो तुरीच्या डाळीत आपली फसवणूक होऊ नये म्हणून कायद्याने एवढी काळजी घेतली. पण ज्या यंत्राच्या आकड्यावर माणसाला सहा महिन्यांची कैद होऊ शकते, त्या यंत्रावर शिक्का हवा, हे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाला २०२४ साली सुचले. त्या वर्षी या यंत्रांना वैधमापनाच्या नियमांखाली आणून वर्षाला पडताळणी सक्तीची करणारा मसुदा प्रसिद्ध झाला. मोटार वाहन कायदा मात्र १९८८ चा आहे! मधली पस्तीस वर्षे काटा कोणी तपासला होता, असे विचारण्याचा हक्क त्या काळात दंड भरलेल्या प्रत्येक रिक्षावाल्याला आहे.

न्यायालयांच्या ध्यानात हे आलेले आहे. चाचणीपूर्वी यंत्रात कोरी हवा घेऊन ते शून्य दाखवते याची खात्री करावी लागते. एका प्रकरणात यंत्राने तेव्हा शून्य दाखवलेच नव्हते. केरळ उच्च न्यायालयाने २०२५ साली त्यातील मद्यपानाचा आरोप रद्द केला. वजने ठेवण्यापूर्वी रिकामा काटा बरोबर मध्ये उभा राहतो का हे गिऱ्हाईक पाहतेच. तोच न्याय येथे लावला गेला.

येथवर वाचून संघटनेतील आमचे मित्र म्हणतील, मग आम्ही काय वेगळे सांगत होतो? बंद करा हे यंत्र. त्यांना माझा प्रश्न आहे की, यंत्र नसताना साक्ष कोणाची होती? साक्ष होती पोलिसाच्या नाकाची. तोंडाला दारूचा वास, झोकांड्या, विस्फारलेल्या बाहुल्या, अडखळते बोलणे असे डॉक्टरने चार ओळींत लिहिले की काम भागे. महाराष्ट्रातून गेलेल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली सांगितले की, रक्ताची वा लघवीची चाचणी केलेली नसताना एवढ्या लक्षणांवरून आरोपी दारू प्यालेला होता असा निष्कर्ष काढता येत नाही. नाकाची साक्ष मळक्या कपड्यातल्या माणसाविरुद्ध नेहमी अधिक तीव्र असते, आणि अत्तर लावलेल्याविरुद्ध मंदावते. यंत्राला निदान कपडे दिसत नाहीत.

दुसरा पर्याय रक्ताचा. प्रयोगशाळेतील रक्ततपासणी शास्त्रदृष्ट्या श्वासाच्या चाचणीपेक्षा अचूक आहे, यात शंका नाही. पण ती समाजाच्या बाहेर, पोकळीत होत नाही. रक्त काढणारा डॉक्टर, बाटलीवर नाव लिहिणारा कर्मचारी, ती नेणारा शिपाई, ठेवणारा कारकून, तपासणारा विश्लेषक इतके हात त्या थेंबांना लागतात. २८ सप्टेंबर २००२ च्या रात्री मुंबईत वांद्रे येथे एका नामवंत चित्रपट अभिनेत्याची गाडी पदपथावर झोपलेल्या कामगारांवर चढली. एक मेला, चौघे जखमी झाले. अभिनेत्याच्या रक्तात ६२ मिलिग्रॅम अल्कोहोल आढळल्याचा अहवाल होता, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. सत्र न्यायालयाने २०१५ च्या मे महिन्यात त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली. त्याच वर्षी डिसेंबरात उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले, आणि अविश्वसनीय ठरलेल्या पुराव्यांत हा रक्ताचा पुरावाही होता : नमुना कसा घेतला, कसा ठेवला, किती निघाला आणि किती पोहोचला, याची साखळी जुळत नव्हती. निकालावर मी येथे मत देत नाही. तेरा वर्षांनंतर एका बाटलीची कुळकथा सिद्ध करीत बसण्याची पाळी सरकारवर का यावी, एवढेच मला विचारायचे आहे.

आणि मग पुणे. १९ मे २०२४ च्या पहाटे अडीचच्या सुमारास कल्याणीनगरात एका बांधकाम व्यावसायिकाच्या अल्पवयीन मुलाच्या हातातील आलिशान मोटारीने दोन तरुण अभियंत्यांना चिरडले. तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीमुळे ते प्रकरण देशभर गाजले. पण त्या निबंधाच्या हशात खरी गोष्ट मागे पडली. मुलाचे रक्त सकाळी अकराच्या सुमारास घेण्यात आले, आणि नंतर ते फेकून देऊन त्याच्या जागी आईचे रक्त ठेवल्याचा आरोप झाला. शासकीय रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. आपण केवळ घड्याळाचा हिशेब करू. शरीर अल्कोहोल जाळते ते ताशी साधारण १५ मिलिग्रॅम या गतीने. अडीचपासून अकरापर्यंत साडेआठ तास. म्हणजे मर्यादेच्या चौपट, १२० मिलिग्रॅम अल्कोहोल कोणाच्या रक्तात असते, तरी अकरा वाजता प्रामाणिकपणे घेतलेल्या नमुन्यातही ते शून्यावर आलेले असते. बाटली बदलायला पैसे पडतात. उशीर करायला तेवढेही पडत नाहीत.

श्वासाच्या चाचणीचे मोल येथे आहे. ती जागेवर, काही मिनिटांत, सर्वांसमोर होते. आकडा, वेळ आणि दिनांक यंत्र स्वतः छापते. वाटेत हात बदलत नाहीत. ज्याच्याकडे हात विकत घेण्याची ऐपत नाही त्याला या साधनाचे भय वाटावे आणि ज्याच्याकडे आहे त्याने ते टाळावे, अशी आजची उलटी स्थिती आहे. कायद्यातील शब्दही येथे गोंधळ घालतात. कलम १८५ गुन्हा ठरवते रक्तातील प्रमाणावर, आणि मोजायला सांगते श्वासविश्लेषकाने. २०१९ च्या दुरुस्तीने प्रयोगशाळेसह अन्य चाचण्यांची भर घातली आणि पहिल्या गुन्ह्याचा दंड २,००० वरून १०,००० रुपयांवर नेला. दंड पाचपट वाढवणे सोपे होते, एका सहीचे काम. यंत्रांची पडताळणी करणाऱ्या प्रयोगशाळा उभारायला पैसा आणि माणसे लागतात.

ब्रिटनमध्ये हे काम मजूर पक्षाच्या सरकारने अंगावर घेतले, हे आपल्या वाचकांना ठाऊक असावे. बार्बरा कॅसल या वाहतूकमंत्री होत्या. डाव्या विचाराच्या, आणि स्वतः मोटार न चालवणाऱ्या. १९६७ च्या रस्ता सुरक्षा कायद्याने त्यांनी रक्तात ८० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आणि रस्त्यावर श्वासाची चाचणी आणली. मद्यालयांचे मालक खवळले. ज्या बाईला गाडी येत नाही ती आम्हांला शिकवणार, असेही बोलले गेले. पहिल्या वर्षातच रस्त्यांवरील मृत्यू हजाराहून अधिक संख्येने घटले. पुढे १९८३ पासून तेथे मर्यादा श्वासाच्याच मापात सांगितली गेली, १०० मिलिलिटर श्वासात ३५ मायक्रोग्रॅम, त्यामुळे गुणोत्तराचा वादच उरला नाही. आरोपीचे दोन नमुने घ्यायचे आणि त्यांतील कमी असलेला ग्राह्य धरायचा, हाही तेथला नियम आहे. यातले आपल्याकडे आणणे काही अवघड नाही.

आपल्याकडे २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर टाकलेले आहेत, आणि मद्यपानाच्या खात्यावर केवळ काही टक्के. पण अतिवेगाने का, हे कोणी विचारले? अपघातानंतर चालकाची चाचणी वेळेवर झालीच नाही तर दारू आकडेवारीत यायची कोठून? ज्या राज्याच्या तिजोरीत अलीकडे उत्पादन शुल्काचे वर्षाला वीस हजार कोटींच्या वर रुपये पडतात, त्याला हा प्रश्न फार खोलात विचारण्याची घाई नसावी. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूची दुकाने नकोत असे म्हटले, तेव्हा दुकाने हलवण्याऐवजी शहरांतून जाणाऱ्या महामार्गांचा दर्जाच काढून घेण्याची शक्कल काही राज्यांनी लढवली होती. असो, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आता त्या बसचालकाकडे वळतो. पाळीपूर्वीच्या चाचणीला त्याने विरोध करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्यामागे पन्नास माणसे बसलेली असतात, आणि तीही बहुतेक कष्टकरीच असतात. मोटारवाले त्याच्या बसमध्ये बसत नाहीत. पण ज्या यंत्रावर पडताळणीचा दिनांक नाही त्यात फुंकण्यास त्याने लेखी हरकत नोंदवावी. आधी कोऱ्या हवेचे शून्य त्याला दाखवले पाहिजे. आकडा आला तर वीस मिनिटांनी दुसरी चाचणी, तीही आली तर त्याच्या खर्चाने नव्हे, प्रशासनाच्या खर्चाने तत्काळ रक्ततपासणी, आणि छापील पावती त्याच्या हातात. संघटनेने हे करारात लिहून घ्यावे. त्याचबरोबर दुसरेही एक लिहून घ्यावे. हे यंत्र अल्कोहोल मोजते, झोप मोजत नाही. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ चा होता आणि २०२५ पर्यंत लागू असलेल्या त्या कायद्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास कामाची मर्यादा सांगितली होती. सोळा तास जागलेला चालक शून्य आकडा दाखवून निर्दोष सुटतो आणि घाटात डोळा लागून दरीत जातो. चौकशीत मग चूक चालकाचीच निघते, पाळ्या लावणाऱ्याची नव्हे.

आणि सुरुवात करायला अधिवेशनाची वाट पाहण्याचे कारण नाही. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. प्रत्येक आगाराच्या, आणि प्रत्येक शहराच्या वाहतूक शाखेच्या, सार्वजनिक माहिती अधिकाऱ्याला तीनच प्रश्न विचारावेत : आपल्याकडे श्वासविश्लेषक यंत्रे किती, प्रत्येकाची शेवटची पडताळणी कोणत्या तारखेला व कोणी केली, आणि गेल्या वर्षात प्राणघातक अपघात घडवलेल्या किती चालकांची चाचणी दोन तासांच्या आत झाली. आलेली उत्तरे या पत्राकडे पाठवावीत. मी ती जिल्हावार मांडून देईन. निवृत्त माणसाला तेवढा वेळ असतो.